न खाणं चालू आहे

आषाढी एकादशीच्या दुपारी दोन माणसं एका बाकावर बसली आहेत, असं समजा. पहिल्याची सकाळपासून धावपळ झाली, डबा घरीच राहिला आणि पोटात अन्नाचा कण नाही. दुसऱ्याचा निर्जळी उपास आहे. मराठीत दोघांबद्दल एकच वाक्य बोलता येतं, ‘यांनी आज काही खाल्लेलं नाही,’ आणि ते दोन्ही ठिकाणी खरं असतं. तरी दोघांत फरक आहे. पहिल्याच्या बाबतीत एक गोष्ट घडायची राहून गेली. दुसऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट घडते आहे. ती काल रात्री सुरू झाली, आत्ता मध्यावर आहे, चुकून तोंडात काही टाकलं तर मोडेल, आणि द्वादशीला तिचं पारणं होईल. पहिल्याला कुणी गरम भजी देऊ केली तर तो खुशाल खाईल, त्याचं काहीच मोडणार नाही.

मराठीनं हा फरक दाखवण्यासाठी एक वेगळं नाम ठेवलं आहे, ‘उपास’. न बोलण्यासाठी ‘मौन’ आहे, न झोपण्यासाठी ‘जागरण’. पण प्रत्येक न-करण्याचं असं बारसं झालेलं नसतं. मुद्दाम फोन न करणं, ठरवून लग्नाला न जाणं, महिनाभर वर्तमानपत्र न वाचणं, यांना नावं नाहीत. तिथे क्रियापद आणि ‘नाही’ यांनाच आपसात निभावून न्यावं लागतं, आणि त्या दोघांचं फारसं पटत नाही.

क्रियापद फक्त काळ सांगत नाही. क्रिया आतून कशी आहे, म्हणजे एकदाच घडून संपली, चालू आहे, नेहमी घडते की नुकतीच सुरू झाली, हेही ते सांगतं. भाषाशास्त्रात याला ‘क्रियाव्याप्ती’ म्हणतात. शाळेत आपण तिला अपूर्ण वर्तमानकाळ, पूर्ण भूतकाळ, रीतिभूतकाळ अशा नावांनी काळाच्या खात्यात टाकलं आणि विसरलो. पण ‘खात होता’ आणि ‘खाल्लं’ यांत काळ एकच आहे, बदलली आहे ती व्याप्ती. आता या व्याप्तीजवळ ‘नाही’ आणून ठेवा आणि काय होतं ते पाहा.

‘तो चहा पितो’ ही सवय झाली आणि ‘तो चहा पीत आहे’ ही आत्ताची हालचाल. दोन्हींचा नकार व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे एकच: ‘तो चहा पीत नाही.’ होकारात जपलेला भेद नकारात पुसला गेला. बोलणाऱ्यांना हे सोसलं नाही. म्हणून त्यांनी ‘पीत नाहीये’ असं रूप वापरात आणलं आणि आत्तापुरत्या नकारासाठी राखून ठेवलं. पाहुण्यांबद्दल ‘ते चहा पीत नाहीत’ म्हटलं की यजमानीणबाई सरबताच्या तयारीला लागतात. ‘पीत नाहीयेत’ म्हटलं की कप निवलाय की काय ते बघायला येतात. शिष्ट लेखनात या ‘नाहीये’ला अजून थोडं बिचकतच घेतात. मला ते मराठीतल्या फार नेमक्या रूपांपैकी एक वाटतं. कोकणीत याहून गंमत आहे. ‘तो आयलो’ म्हणजे तो आला, पण आला नाही म्हणायचं तर ‘तो येवंक ना’. होकारातलं ‘आयलो’ नकाराच्या सावलीत आलं की आपला सगळा पोशाखच बदलतं.

जगभर हेच चित्र दिसतं. मँडरिन चिनीत ‘खाल्लं’ सांगताना क्रियापदामागे पूर्णत्व दाखवणारा ‘ल’ येतो. ‘खाल्लं नाही’ म्हणताना पुढे ‘मेइ’ येतो आणि ‘ल’ निघून जातो. चिनी शिकणारा परदेशी माणूस हटकून दोन्ही ठेवतो आणि त्याचा गुरुजी हटकून एक खोडतो. यामागे तर्कही आहे. जी गोष्ट घडलीच नाही तिचं पूर्णत्व कुठून आणणार? स्वाहिलीत ‘निमेकुला’ म्हणजे मी खाल्लंय. याचा नकार करताना मधला ‘मे’ जाऊन त्या जागी ‘जा’ येतो: ‘सिजाला’, मी अजून खाल्लेलं नाही. त्यातला ‘अजून’ फुकट मिळतो, वेगळा शब्द लागत नाही. रशियनमध्ये ‘खाऊन टाक’ अशी आज्ञा पूर्ण व्याप्तीच्या क्रियापदानं देतात, पण ‘खाऊ नकोस’ म्हणताना सहसा अपूर्ण व्याप्तीचं क्रियापद घेतात. नकारातही पूर्णच ठेवलं तर ती मनाई राहत नाही. ती ताकीद होते: बघ हं, चुकून खाशील.

हे कुणी ठरवून केलेलं नाही. शेकडो वर्षांच्या वापरात पायवाटा पडल्या, पुढची पिढी त्यांवरून चालत राहिली. आता मनात असा माणूस आणा, ज्याच्यासमोर कोरा कागद आहे आणि ज्याला नवी भाषा रचायची आहे. त्याला पायवाटेचा आधार नाही. ‘झालं’साठी एक तुकडा, ‘चाललंय’साठी दुसरा, ‘नाही’साठी तिसरा, हे त्यानं एका सकाळी ठरवलं. संध्याकाळी त्याला प्रश्न पडतो की तिघांना शेजारी कसं बसवायचं. आधी ‘नाही’ आणि मग ‘चाललंय’, म्हणजे न खाणं चालू आहे? की आधी ‘चाललंय’ आणि मग ‘नाही’, म्हणजे खाणं चालू नाही? बाकावरची ती दोन माणसं त्याच्या कागदावर येऊन बसतात. या प्रश्नाला रचलेल्या भाषांनी दिलेली उत्तरं पाहण्यासारखी आहेत.

डॉ. लुडविक झामेनहॉफ यांनी १८८७ साली वॉर्सातून एस्पेरांतो जगापुढे ठेवली, तेव्हा व्याकरणाचे नियम अवघे १६ होते. त्यांतला एकच नकाराबद्दल आहे: वाक्यात दुसरा नकारवाचक शब्द असेल तर ‘ने’ गाळा. ‘ने’ कुठे ठेवायचा, तर ज्याला नाकारायचं त्याच्या आधी. बस. झामेनहॉफ यांची भिस्त सूज्ञ माणसावर होती, आणि नकाराच्या बाबतीत ती बरीच फळली. खरी भांडणं झाली ती व्याप्तीवरून. ‘घर बांधलं जात होतं’ आणि ‘घर बांधलेलं होतं’ यांसाठी ‘-अता’ आणि ‘-इता’ असे दोन प्रत्यय होते. ते काळ दाखवतात की व्याप्ती, यावर एस्पेरांतोवाल्यांत वर्षानुवर्षं अशी जुंपली की भाऊबंदकीतल्या बांधाच्या वादानं लाजावं. अखेर १९६७ साली त्यांच्या अकादमीनं व्याप्तीच्या बाजूनं कौल दिला. नकार लावून पाहिला की हा कौल बरोबर होता असं मला वाटतं. ‘ला दोमो ने एस्तास कोन्स्त्रुआता’ म्हणजे घराचं काम चालू नाही. ‘ने एस्तास कोन्स्त्रुइता’ म्हणजे घर बांधून झालेलं नाही. पहिल्या वाक्यात गवंडी घरी गेलेत. दुसऱ्यात ते कदाचित आत्ता माचाणावर उभे असतील. घर घेताना हप्ते भरणाऱ्या कुणालाही यातला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

मात्र नकार आणि व्याप्ती यांच्या नात्याची सगळ्यांत चोख मांडणी कुठे सापडते, तर एका हॉलिवूडपटातल्या कपाळाला खाचा असलेल्या परग्रहवासी योद्ध्यांच्या तोंडी. क्लिंगॉन भाषेचे पहिले उद्गार १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात ऐकू आले. ते जुळवले होते जेम्स डूहान या नटानं. १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी निर्मात्यांना खरीखुरी भाषा हवी होती आणि ते काम मार्क ओक्रँड यांच्याकडे आलं. ओक्रँड पेशानं भाषाशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या मूळ रहिवाशांच्या भाषेच्या व्याकरणावर त्यांनी बर्कलीतून १९७७ साली डॉक्टरेट घेतली होती, आणि पुढे ते दूरचित्रवाणीवर बहिऱ्यांसाठी चालणाऱ्या शब्दपट्ट्यांच्या कामात होते. १९८५ साली त्यांचा क्लिंगॉन शब्दकोश आला, १९९२ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. कोशाच्या पहिल्या भागात व्याकरण आहे, आणि त्यातच आपल्याला हवा तो खजिना आहे.

एक सूचना आधीच देतो. पुढे मी क्लिंगॉन शब्द देवनागरीत लिहिणार आहे. रोमन लिपीत ओक्रँड यांना मोठी अक्षरं मध्येच घुसवून काम भागवावं लागलं. आपल्याकडे त्यांच्या मूर्धन्य ‘ड’ला आणि ‘ष’ला तयार अक्षरं आहेत. शब्दाअखेरची ’ ही खूण म्हणजे घसा क्षणभर बंद करायचा. ‘ख़’ घशातून घासत काढायचा.

क्लिंगॉनमध्ये काळ नाही. ‘काल’, ‘आज’, ‘उद्या’ हे शब्द आहेत, पण क्रियापदाला भूत-भविष्याचा प्रत्यय लागत नाही. त्याची भरपाई व्याप्तीनं केली आहे. क्रियापदामागे प्रत्ययांच्या नऊ जागा आहेत आणि पंगतीत पानं मांडावीत तशा त्या ठरलेल्या क्रमानं येतात. प्रत्येक जागेवर एका वेळी एकच प्रत्यय. सातवी जागा व्याप्तीची. तिथे चार उमेदवार आहेत. ‘-पू’’ म्हणजे क्रिया पूर्ण झाली. ‘-ता’’ म्हणजेही पूर्ण झाली, पण ठरवून, जाणूनबुजून तडीस नेली. ‘-ताख़’ म्हणजे चालू आहे. ‘-लि’’ म्हणजे चालू आहे आणि तिचा शेवट कुठे आहे हे ठाऊक आहे. यांतलं काहीच लावलं नाही, तर क्रिया पूर्णही नाही आणि चालूही नाही, असा सर्वसाधारण अर्थ. ‘तो’साठी वेगळा उपसर्ग लागत नाही. तेव्हा ‘षोप’ म्हणजे तो खातो, ‘षोपपू’’ म्हणजे त्यानं खाल्लंय, ‘षोपताख़’ म्हणजे तो खात बसलाय.

आता पंगतीतला वाढपी आणू. नकारवाचक ‘-बे’’ या प्रत्ययाला नऊपैकी कुठलीच जागा दिलेली नाही. तो रांगेत फिरतो, आणि ज्याच्यामागे जाऊन उभा राहतो त्याला नाकारतो. ओक्रँड यांनी अशा प्रत्ययांना ‘भटके’ या अर्थाचं नावच दिलं आहे. ‘-विप’ म्हणजे भिणं. ‘षोपविपबे’’ म्हणजे तो खायला भीत नाही. ‘षोपबे’विप’ म्हणजे न खायला भितो, उपाशी राहण्याचीच त्याला धास्ती. ‘-निष’ म्हणजे गरज असणं. ‘षोपनिषबे’’, त्याला खायची गरज नाही. ‘षोपबे’निष’, त्यानं न खाणं गरजेचं आहे, उद्या सकाळी रक्ततपासणी आहे म्हणा ना. (जाता जाता: ‘मी भितो’ असं ‘-विप’ लावून म्हणणं क्लिंगॉन व्याकरणात बसतं, पण त्या संस्कृतीत ते वर्ज्य मानलं आहे. व्याकरणाच्या पुस्तकात शिष्टाचाराची अशी तळटीप मला फार आवडते.)

हाच वाढपी सातव्या जागेपाशी आला की एकादशीचं कोडं सुटतं. पुढची रूपं मी नियमांवरून घडवली आहेत. ‘षोपताख़बे’’: इथे नकार ‘चालू’च्या मागे आहे, म्हणून खाणं चालू नाही. हा डबा विसरलेला पहिला माणूस. ‘षोपबे’ताख़’: इथे नकार थेट खाण्याला चिकटला आहे आणि ‘चालू’ त्या दोघांना मिळून लागतं, म्हणून न खाणं चालू आहे. हा दुसरा, उपासवाला. एका अक्षराची जागा बदलली आणि दोघं वेगळे झाले, ‘उपास’ या नामाची मदत न घेता.

इथेच थांबलो तर क्लिंगॉनवर अन्याय होईल, कारण उरलेले तीन उमेदवार आणखी बारकावे देतात. ‘षोपबे’लि’’ म्हणजे न खाणं चालू आहे आणि ते कुठे संपणार हे ठरलेलं आहे. एकादशी हीच, कारण द्वादशी पंचांगात छापलेली असते. उलट मागणी मान्य होईस्तोवर अन्न न घेणाऱ्या उपोषणकर्त्याला ‘-ताख़’च लावावा लागेल, त्याला शेवटाची तारीख कुठून असणार? ‘षोपबे’पू’’ म्हणजे न खाणं पार पडलं. कुणाच्या संकल्पामुळे पडलं की परिस्थितीनं पाडलं, याबद्दल हा प्रत्यय गप्प आहे. ‘षोपबे’ता’’ म्हणजे ठरवून केलेलं न खाणं तडीला गेलं. पारण्याचा घास घेताना शोभेल असं हे क्रियापद आहे. आणि ‘षोपपू’बे’’? नकार ‘पूर्ण’च्या मागे. खाऊन झालेलं नाही. कदाचित सुरूच केलं नसेल, कदाचित ताटात अजून भात असेल. प्रत्यय तेवढं सांगत नाही.

चार प्रत्यय आणि एक फिरता नकार यांतून असे एकूण आठ अर्थ निघू शकतात. मराठीत या आठही गोष्टी सांगता येतात, पण त्यासाठी ‘नाहीये’, ‘खाल्लेलं नाही’, ‘न खाता राहिला’, ‘उपास पार पडला’ अशी निरनिराळ्या घरांतून आणलेली भांडी मांडावी लागतात. क्लिंगॉनमध्ये एकाच घरातला संच आहे.

फिरत्या नकाराशिवाय क्लिंगॉनकडे आणखी दोन नकार आहेत. ‘-ख़ा’’ हा क्रियापदाला बिलगूनच बसतो, त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये कुणी येऊ शकत नाही. तो नुसतं नाही म्हणत नाही. तो केलेलं उलटवतो किंवा बिघडवतो. ‘जात्ल’ म्हणजे बोलणं, ‘जात्लख़ा’’ म्हणजे बोलण्यात चूक होणं. गंमत म्हणजे ‘आवडणं’ यासाठी क्लिंगॉनमध्ये ‘पारख़ा’’ हा शब्द आहे, आणि त्यातलं मूळ ‘पार’ म्हणजे नावडणं. या योद्ध्यांच्या भाषेत नावडणं मूळ आणि आवडणं त्यावरून साधलेलं! ‘-ख़ा’’ असा आत कोंडलेला असल्यामुळे व्याप्तीशी त्याचं नातं कायमचं ठरलेलं आहे. ‘जात्लख़ा’पू’’चा अर्थ एकच, चुकीचं बोलून झालं. उलट बाजूला ‘-क़ो’’. हा जवळजवळ शेवटी बसतो, सगळ्या व्याप्तीच्या बाहेर, आणि तो आज्ञेतला ‘नको’ आहे. आज्ञेत ‘-बे’’ चालतच नाही. आज्ञेबाहेर ‘-क़ो’’ आला तर अर्थ होतो नकार देणं, म्हणजे आपलं ‘मी नाही खाणार जा!’. मराठी माणसाला हे लगेच कळतं, कारण ‘नाही’ आणि ‘नको’ आपण कधी एकमेकांच्या जागी घालत नाही.

म्हणजे एक नकार सदैव आत, एक सदैव बाहेर आणि एक फिरता. इतकी स्वच्छ रचना पाहिली की हे सगळं शांतपणे टेबलाशी बसून आखलं असणार असं वाटतं. सगळं तसं झालं नाही. तिसऱ्या चित्रपटातला एक किस्सा क्लिंगॉनप्रेमींत प्रसिद्ध आहे. सेनापती क्रूगच्या तोफवाल्याकडून शत्रूचं जहाजच उडतं आणि क्रूग भडकतो. चित्रीकरणाच्या वेळी त्याच्या वाक्यात ‘फक्त इंजिन’ असं होतं: ‘जोनता’’ म्हणजे इंजिन, ‘नेख़’ म्हणजे फक्त. नंतर पडद्यावरची इंग्रजी ओळ बदलली आणि त्याला कैदी हवे होते असा अर्थ ठरला. नटाच्या तोंडून निघालेले आवाज तर फिल्मवर पक्के झालेले. ओक्रँड यांनी तेच आवाज वेगळ्या ठिकाणी तोडले. ‘जोन’ म्हणजे पकडणं, त्याला ‘-ता’’ लावला, ठरवून पकडणं झालं. ‘नेख़’चा दुसरा अर्थ दिला, हवं असणं. पण मग ‘हवं होतं’ यातल्या ‘हवं’ला व्याप्तीचा प्रत्यय का नाही? यावर उत्तर म्हणून व्याकरणात नियम आहे की अशा जोडवाक्यात दुसऱ्या क्रियापदाला व्याप्ती लागत नाही. संकलकाच्या कात्रीनं पडलेली पायवाट आज क्लिंगॉन शिकणारा प्रत्येकजण पाळतो. नैसर्गिक भाषांत अपघाताला शेकडो वर्षं लागतात, इथे एका हंगामात काम झालं.

दुसरा किस्सा १९९१ च्या सहाव्या चित्रपटाचा. शेक्सपिअर मुळात क्लिंगॉनमध्येच वाचावा, असा विनोद त्यात आहे, आणि हॅम्लेटचं सुप्रसिद्ध असावं-की-नसावं क्लिंगॉनमध्ये म्हणायचं होतं. अडचण अशी की ‘असणे’ हे क्रियापद क्लिंगॉनमध्ये नाही. ओक्रँड यांनी आधी ‘जगणं’ या क्रियापदानं काम भागवलं. ते वाक्य म्हणणाऱ्या ख्रिस्तोफर प्लमर या नटाला तो उच्चार पुरेसा जोरकस वाटेना. मग ‘ताख़’ आलं. हाच ध्वनी आपण ‘चालू आहे’च्या प्रत्ययात पाहिला, स्वतंत्र क्रियापद म्हणून त्याचा अर्थ चालू राहणं, तगून राहणं. त्याच्यासमोर त्याचाच नकार, ‘ताख़बे’’. हॅम्लेटचा पेच असा निव्वळ व्याप्ती आणि नकार या दोन तुकड्यांवर येऊन ठेपला. पुढे १९९६ मध्ये क्लिंगॉन लँग्वेज इन्स्टिट्यूटनं आख्खं ‘हॅम्लेट’ क्लिंगॉनमध्ये छापलं.

क्लिंगॉनच्या या व्यवस्थेत एक गोष्ट मला मोकळी सुटलेली वाटते. काल त्यानं जेवण केलं नाही, एवढंच सांगायचं आहे. ‘-पू’’ लावायचा की नाही? लावावा तर, जे घडलं नाही त्याला पूर्णत्व कसलं? न लावावा तर, ‘काल’ ही गोष्ट होऊन गेली, तिची दारं बंद झाली, हे कसं दाखवायचं? चिन्यांनी ‘ल’ हाकलून हा प्रश्न निकालात काढला. नियम जागा दाखवू शकतो. त्या जागेवर बसायचं की नाही, ही सवय बोलणाऱ्यांना पाडून घ्यावी लागते. आणि ‘अजून नाही’साठी तर ओक्रँड यांनी प्रत्ययांची ही पंगत सोडून सरळ एक क्रियाविशेषण दिलं, ‘वेज’. त्यातच नकार असल्यामुळे सोबत ‘-बे’’ लागत नाही. ‘वेज’चा दुसरा अर्थ तीन. ‘कधीच नाही’ याला शब्द आहे ‘नोत’, आणि तो रोमन लिपीत लिहिला की इंग्रजी वाचणाऱ्याला नकारच दिसतो. हा योगायोग असावा यावर माझा विश्वास नाही.

पॉल फ्रॉमर यांनी २००९ च्या ‘अवतार’साठी रचलेल्या नावी भाषेनं उलटा रस्ता धरला. तिथे व्याप्ती क्रियापदाच्या पोटात शिरते. ‘योम’ म्हणजे खाणं. ‘ओल’ आत घातला की ‘योलोम’, खाल्लं. ‘एर’ घातला की ‘येरोम’, खातोय. नकाराचा ‘के’ मात्र बाहेर, क्रियापदाच्या दारात उभा: ‘के योलोम’, ‘के येरोम’. पोटात शिरायची त्याला मुभा नाही, म्हणून ‘न खाणं चालू आहे’ असं एका क्रियापदात म्हणता येत नाही. शिवाय ‘कुणीच नाही’सारखा नकारवाचक शब्द आला तरी ‘के’ लागतोच. झामेनहॉफ यांनी जो दुहेरी नकार नियम करून बंद केला, तो फ्रॉमर यांनी नियम करून सक्तीचा केला.

आणि लोजबान. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या लोगलान या तर्कशुद्ध भाषेतून फुटून १९८७ साली ती निघाली. तिच्या मूळ शब्दांच्या घडणीत ज्या सहा भाषांचा हिशेब धरला त्यांत हिंदीही आहे. नकाराच्या बाबतीत ही मंडळी अशी काटेकोर की त्यांच्याकडे ‘वाक्य खोटं आहे’ यासाठी ‘ना’, ‘हे नव्हे, दुसरं काही’ यासाठी ‘नाहे’, ‘नेमकं उलट’ यासाठी ‘तोहे’, आणि ‘तुमचा प्रश्नच चुकला’ यासाठी ‘नाही’! हा शेवटचा खरोखरच असा उच्चारतात. १९९७ मध्ये आलेल्या जॉन कोवन यांच्या लोजबान व्याकरणात नकारासाठी एक पूर्ण प्रकरण आहे, आणि ते वाचताना वकिलाकडून भाडेकरार समजून घेतल्यासारखं वाटतं. पण माझ्या मते लोजबानची खरी करामत त्या प्रकरणाच्या बाहेर आहे. व्याप्तीसाठी तिच्याकडे घटनेचे टप्पे दाखवणारे छोटे शब्द आहेत. ‘शोहा’ म्हणजे सुरू होणं, ‘शाहो’ म्हणजे चालू असणं, ‘मोहू’ म्हणजे पुरं होणं, ‘झाहो’ म्हणजे पुरं होऊनही रेटत राहणं. आपल्या सभांमधल्या आभारप्रदर्शनासाठी हा शेवटचा उसना घ्यायला हरकत नाही. आणि या टप्प्यांच्या दोन टोकांना आणखी दोन शब्द आहेत. ‘पुहो’ म्हणजे घटनेच्या अलीकडची स्थिती, ‘बाहो’ म्हणजे पलीकडची. ‘मी पुहो शितका’, मी खाण्याच्या अलीकडे आहे. ‘मी बाहो शितका’, मी खाण्याच्या पलीकडे आहे. (‘मी’ म्हणजे मीच.) दोन्ही वेळा खाणं चालू नाही. पहिल्यात ‘अजून नाही’, दुसऱ्यात ‘आता नाही’. आणि दोन्हींत नकाराचा एकही शब्द नाही.

तर्कशास्त्र्यांनी एवढा खटाटोप करून हे साधलं, म्हणून त्यांचं कौतुक करायलाच हवं. पण दुपारी दीडच्या सुमाराला कुणाच्या घरी गेलात आणि ‘जेवणं झाली का?’ असं विचारलंत, तर उत्तर बहुधा येईल, ‘व्हायचीत अजून.’ नाहीतर, ‘हे काय, आत्ताच झाली.’ एक ‘पुहो’, एक ‘बाहो’. ‘नाही’ कुणीच म्हणणार नाही, आणि तुम्हाला बसायला पाट मिळेल की पानसुपारी, हे तेवढ्यावरून कळेल.